अर्धा मिलिमीटर

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीपाशी दोन मिनिटं उभं राहा. कढई धगधगत असते, कोबी चरचरत असतो आणि कढई हलवता हलवता तो मुलगा एका पोचे पडलेल्या डब्यातून पांढरी चिमूट सोडतो. तिला आपण सगळे ‘अजिनोमोटो’ म्हणतो. हे खरं तर कंपनीचं नाव. पण वनस्पती तुपाला जसं डालडा चिकटलं तसं ते या पुडीला चिकटलं. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली तोक्योतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी ही चव पुडीत भरून विकायला आली. ती चांगली की वाईट हा वाद गाडीवरच्या गिऱ्हाइकांनी घालावा. मला उत्सुकता आहे ती ही पूड काढून घेतल्यावर कारखान्याच्या टाकीत जे काळपट पाणी उरतं त्याची. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियात हे पाणी खत म्हणून शेतात जातं. उसाच्या, टॅपिओकाच्या आणि भाताच्याही.

सुरुवातीला ही पूड गव्हाच्या ग्लुटेनवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा मारा करून बनवत. १९५६ मध्ये जपानच्या क्योवा हाक्को कंपनीत शुकुओ किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मातीतला एक जिवाणू सापडला. त्याला साखर आणि अमोनिया दिला की तो स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त ग्लुटामिक आम्ल बनवून बाहेर टाकतो. याचं नाव पुढे कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम असं पडलं. तेव्हापासून हा धंदा दारूच्या भट्टीसारखा झाला: मोठ्या टाक्या, उसाची मळी किंवा टॅपिओकाचा स्टार्च, वरून अमोनिया, आणि आत कोट्यवधी जिवाणू. (टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तोच.) आंबवण झाल्यावर सल्फ्युरिक आम्ल घालून टाकीचा सामू ३.२ च्या आसपास आणतात. तिथे ग्लुटामिक आम्ल पाण्यात विरघळेनासं होतं आणि त्याचे खडे खाली बसतात. खडे काढून घेतले की राहिलेल्या द्रवात काय असतं? जिवाणूंनी न वापरलेला अमोनिया आता अमोनियम सल्फेट झालेला, सुटी अमिनो आम्लं, मेलेल्या जिवाणूंचे देह, आणि मळी वापरली असेल तर उसाने जमिनीतून ओढून घेतलेलं पालाश.

खताच्या दुकानात बसणाऱ्या कुणालाही ही यादी वाचून दाखवा. तो म्हणेल, हा माझा माल आहे.

आणि नदीवर राहणाऱ्या कोळ्याला वाचून दाखवली तर त्याच्या पोटात गोळा येईल, कारण तोच द्रव नदीत सोडला तर तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे तोंड वर करून मरतात. व्हिएतनाममध्ये हे घडलं. दाँग नाय प्रांतातल्या वेडान या तैवानी मालकीच्या कारखान्यातही हीच पूड बनत होती. २००८ साली पर्यावरण पोलिसांना तिथून थी वाई नदीत जाणारे छुपे पाइप सापडले. सांडपाणी प्रक्रिया न करताच सोडलं जात होतं. नदीचा काही किलोमीटरचा पट्टा जवळजवळ निर्जीव झाला होता. काठच्या मच्छीमारांनी आणि कोळंबी वाढवणाऱ्यांनी भांडून २०१० मध्ये भरपाईचा करार करून घेतला. पूड तीच आणि उरलेलं पाणीही त्याच जातीचं. एका ठिकाणी टँकर भरून शेतात गेलं, दुसरीकडे रात्री पाइपातून नदीत. मधला फरक नुसत्या नीतिमत्तेचा नाही, त्यात अंकगणितही आहे, आणि ते पाचवीतल्या पोरालाही जमेल.

कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश द्यावं अशी ढोबळ शिफारस असते. समजा आपल्या द्रवात ४ टक्के नत्र आहे. मग १०० किलो नत्रासाठी अडीच हजार लिटर लागेल. हेक्टरभर शेत म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर अडीच हजार लिटर सारखं पसरलं तर थर किती होईल? पाव मिलिमीटर. आता आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणारं पाणी घ्या, म्हणजे स्पेंटवॉश. त्यात नत्र थोडं पण पालाश भरपूर, साधारण १ टक्का धरू. ५० किलो पालाशासाठी पाच हजार लिटर लागतं. थर अर्धा मिलिमीटर.

अर्धा मिलिमीटर म्हणजे कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने पाऊस पडलाच नाही. जिथे एका मोसमात तीन हजार मिलिमीटर कोसळतो तिथे एवढ्याने अंगणही भिजत नाही. पण पिकाची पालाशाची वर्षाची भूक तेवढ्यात भागते. ‘कारखान्याचं पाणी शेताला’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाट वाहतो. पाट वाहू लागला की ते खत राहत नाही, शेताच्या नावाने विल्हेवाट होते.

आता कारखान्याच्या बाजूने मोजू. रोज तीस हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी तशी लहानच. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. बारा धरला तर दिवसाचा ३ लाख ६० हजार लिटर होतो. दहा हजार लिटरचे छत्तीस टँकर. हेक्टरी पाच हजार लिटर हा हिशेब पाळायचा तर रोज ७२ हेक्टर नवीन जमीन हवी. उद्या पुन्हा ७२, परवा पुन्हा ७२. भट्टी वर्षात २७० दिवस चालली तर १९ हजार हेक्टरांवर. त्यातून भात हे पावसाळी पीक, आणि गाळप चालतं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे पाणी तयार होतं तेव्हा भाताचं खाचर कोरडं, आणि खाचर मागतं तेव्हा पाणी खड्ड्यात साठवलेलं. छत्तीस टँकरचे ड्रायव्हर छत्तीस वाटांनी लांब लांब जाणार की जवळच्या दोन-चार शेतांत, नाहीतर ओढ्याकडेला रिकामे होऊन परत रांगेला लागणार? डिझेलचा खर्च कुणाच्या खिशातून जातो त्यावर याचं उत्तर ठरतं.

स्पेंटवॉश ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी: तो भट्टीतून निघतो तेव्हा उकळत्या पाण्याच्या जरा खाली इतका गरम असतो, सामू चारच्या आसपास म्हणजे चांगलाच आंबट, आणि रंग काळसर तांबडा. वास करपलेल्या गुळाचा आणि खाली काहीतरी कुजल्याचा. रंग येतो मेलॅनॉइडिन नावाच्या संयुगांमुळे. साखर आणि अमिनो आम्लं तापली की ती बनतात. भाजणीचा खमंग रंग आणि पावाचं तांबूस कवच याच कुळातले. जिवाणूंना ती सहजी पचत नाहीत. म्हणून स्पेंटवॉशपासून बायोगॅस काढून घेतला, त्यातली बहुतेक घाण जिवाणूंना खाऊ घातली, तरी पाण्याचा रंग जात नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात मी हा रंग विहिरीत पाहिला. साठवणीच्या खड्ड्यांपासून विहीर दोन शेतं लांब. पोहऱ्यातून पाणी वर आलं ते थेट चहाच्या रंगाचं. विहिरीच्या मालकीणबाई पोहरा कठड्यावर टेकवत म्हणाल्या, “पावणं, घ्या चहा. दूध तेवढं घालायचं राहिलंय.” त्या हसल्या नाहीत. तळाला अस्तर नसलेल्या खड्ड्यातून झिरपणारं पाणी अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब पाळत नाही.

आता भाताकडे वळू. कारखान्याचं पाणी घ्यायला भात इतर पिकांपेक्षा काही बाबतींत अधिक योग्य आहे आणि काही बाबतींत फार धोक्याचा, आणि दोन्हीचं कारण एकच: चिखल.

लावणीनंतर महिन्याभराने खाचरात उतरून भाताचा एक चूड मुळासकट उपटा आणि पाण्यात हलकेच धुवा. मुळं पांढरी दिसतील ही अपेक्षा. दिसतात गंजलेल्या तारेसारखी तांबूस. मग बोटाने चिखल उकरून पाहा. वरचा काही मिलिमीटरचा थर पिवळट तपकिरी, त्याखाली सगळा राखी-निळसर. पाणी उभं राहिल्यावर मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मग तिथले जिवाणू श्वासासाठी दुसरं काही शोधतात: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की कर्ब; तेव्हा मिथेन निघतो. चिखलात पाय टाकल्यावर जे बुडबुडे येतात त्यात तो असतो. लोहाची पाळी आली की तांबडी माती राखी होते आणि लोह विरघळून पाण्यात उतरतं. भाताच्या रोपाला पोकळ नळ्या असतात, त्यांतून ते हवा खाली मुळापर्यंत नेतं. मुळाच्या टोकाशी निसटणारा तो थोडासा प्राणवायू विरघळलेल्या लोहाला गाठतो आणि मुळाभोवती गंजाचं चिलखत चढतं. तुमच्या हातातली तांबूस मुळं म्हणजे जिवंत, श्वास घेणारी मुळं. ती काळी पडली तर रोपाचं काही खरं नाही.

या चिखलात नत्राची गत फार चमत्कारिक होते. अमोनियमच्या रूपात दिलेलं नत्र खालच्या राखी थरात असेल तर तिथे टिकतं. मातीचे कण त्याला धरून ठेवतात आणि भात ते आवडीने खातो. पण तेच वरच्या पिवळट थरात राहिलं तर तिथले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते झिरपून खाली जातं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. शेतकऱ्याने पोतं फोडलं आणि अर्धं आकाशाला दिलं, असा प्रकार. ही यंत्रणा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानच्या मात्सुसाबुरो शिओइरी यांनी उलगडली आणि खत खोल द्या असं सांगितलं. आपल्याकडे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत हीच गोष्ट शेतकऱ्याच्या हाताला झेपेल अशी आली: युरिया आणि डीएपीच्या पावणेतीन ग्रॅमच्या गोळ्या, चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल, अंगठ्याने दाबून. रायगड-रत्नागिरीत ज्यांनी हे केलंय त्यांना लावणीच्या दिवशी कमरेचं काय होतं ते विचारा. पण युरिया निम्म्यावर आल्याचंही तेच सांगतील.

म्हणजे अजिनोमोटोच्या कारखान्यातला द्रव, ज्यात नत्र मुख्यतः अमोनियम आणि अमिनो रूपात असतं, भाताला नायट्रेटवाल्या खतापेक्षा जास्त सोसतो आणि पचतो. फक्त तो चिखलणीच्या आधी जमिनीवर पसरून नांगराखाली गाडला पाहिजे. उभ्या पाण्यात सोडला तर दुसरी गंमत होते. पाणी खाचरात जिथून शिरतं तिथे भात गर्द हिरवा, कमरेइतका, आणि लांबच्या कोपऱ्यात पिवळा नि खुजा. खताचं पाणी आधी पहिल्या रांगांना मिळतं आणि शेवटच्यांना नुसतं पाणी. कोकणातल्या उतारावर एका खाचराचं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचं तिसऱ्यात उतरतं, तिथे तर पहिला बांध ज्याचा त्याचं पीक जास्त खाऊन लोळणार आणि शेवटच्याचं उपाशी राहणार. जास्त नत्र झालेला भात ओळखायला सोपा. पानं मऊ, हिरवी, लांब, फुटवे खूप, करपा आणि तुडतुडे आमंत्रण दिल्यासारखे हजर, आणि ऐन ओंब्या भरताना एखाद्या संध्याकाळच्या वाऱ्यात सगळं आडवं. हिरवं रान पाहून हरखलेल्या माणसाला कापणीला पोचट दाणे मिळतात.

खतात जसं नत्र मोजतात तसं या पाण्यात आणखी तीन गोष्टी मोजाव्या लागतात.

एक, प्राणवायूची भूक. कच्च्या स्पेंटवॉशची जैविक प्राणवायू मागणी, ज्याला सगळे बीओडी म्हणतात, लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असते. अर्धा मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला अर्धा लिटर, म्हणजे २५ ग्रॅम प्राणवायूची मागणी. खाचरात पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल तर त्यात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ०.४ ग्रॅम. साठपट तूट. म्हणून योग्य मात्रासुद्धा लावणी झालेल्या खाचरात सोडायची नसते. ती लावणीच्या बऱ्याच आधी, कोरड्या जमिनीत, माती खेळती असताना द्यायची, म्हणजे मातीतले जिवाणू हवेतला प्राणवायू घेऊन ती पचवतात. बायोगॅस काढलेल्या पाण्याची बीओडी बरीच खाली आलेली असते. तरी हाच क्रम बरा.

दोन, गंधक. जपानमध्ये ‘अकिओची’ नावाचा भाताचा रोग होता, म्हणजे शरदातली घसरण. उन्हाळ्यात पीक झकास दिसायचं आणि शरदात दाणा भरताना ढासळायचं. कारण सापडलं ते असं: लोह धुऊन गेलेल्या हलक्या जमिनी, त्यात वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट. लोह नसलं की जिवाणू सल्फेटवर तुटतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. लोह भरपूर असेल तर ते त्या सल्फाइडला बांधून टाकतं. नसेल तर तो थेट मुळांवर जातो आणि तांबूस मुळं काळी पडतात. अजिनोमोटोच्या द्रवात सल्फेट भरपूर, हे वर आलंच. तेव्हा हा द्रव कोकणातल्या जांभ्याच्या लोहयुक्त मातीत जितक्या बिनधोकपणे जिरेल तितका रेताड जमिनीत जिरणार नाही. कारखान्याच्या पत्रकात द्रवाचं पृथक्करण छापलेलं असतं. शेताच्या मातीचं नसतं.

तीन, क्षार. भात पाण्यात उभा असतो म्हणून तो खारं सोसतो अशी पुष्कळांची समजूत. खाजण जमिनीतल्या काही खास जाती सोसतात. बाकीचा भात क्षारांच्या बाबतीत नाजूकच. मातीतल्या द्रावाची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं, आणि त्यापुढे दर एका आकड्यामागे सुमारे १२ टक्क्यांनी. स्पेंटवॉशची वाहकता ३० च्या वर असते. अर्धा मिलिमीटर दिला तर पावसाच्या पाण्यात ती कुठल्या कुठे जाते. दहा मिलिमीटर दिला, आणि तोही वर्षानुवर्षं, तर जात नाही. क्षार फक्त स्पेंटवॉशमध्येच नसतात: दूधप्रक्रियेचं सांडपाणी दिसायला निरुपद्रवी, दुधाळ, पण टाक्या आणि पाइप धुवायला कॉस्टिक सोडा वापरलेला असतो. त्यातलं सोडियम काळ्या जमिनीत गेलं की जमीन चोपण होते, म्हणजे ओली असताना लोणी आणि वाळली की वीट.

पालाशाचं म्हणाल तर भात त्याच्याशी मोठ्या काटकसरीने वागतो. पिकाने उचललेल्या पालाशाचा बहुतेक भाग दाण्यात जातच नाही, पेंढ्यात राहतो. पेंढा गोठ्यात आणि शेण शेतात अशी जुनी साखळी होती तोवर पालाश घरातच फिरत होतं. आता पेंढा विकला जातो किंवा भंडारा-गोंदियाकडच्या बांध्यांमध्ये हार्वेस्टर फिरल्यावर जागच्या जागी जळतो. ते पालाश बाहेरून आणावं लागतं, आणि भारत आपलं म्युरेट ऑफ पोटॅश परदेशातून मागवतो. त्याच वेळी उसाने जमिनीतून ओढलेलं पालाश डिस्टिलऱ्यांच्या खड्ड्यांत साचून असतं. मळीच्या पाण्याकडे पाहून डोकं खाजवावं अशी ही गोष्ट.

त्यावर सध्या निघालेला तोडगा असा की पाणी शेतात न्यायचंच नाही. स्पेंटवॉश आटवून काकवीसारखा घट्ट करायचा, बगॅस किंवा कोळशाबरोबर बॉयलरमध्ये जाळायचा, त्यावर वाफ आणि वीज काढायची आणि राखेतलं पालाश विकायचं. या राखेच्या खताला पोटॅश डिराइव्ड फ्रॉम मोलॅसिस म्हणतात, बोलताना पीडीएम. त्यात किमान साडेचौदा टक्के पालाश असावं लागतं. केंद्राने ते अनुदानाच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये टनाला ३४५ रुपये अनुदान होतं, आणि त्याच वर्षी कारखाने आणि खत कंपन्यांनी टनाला ४,२६३ रुपये भाव मान्य केला. हेक्टरी ५० किलो पालाशासाठी ही राख साडेतीनशे किलोच्या जवळपास लागते, म्हणजे सात पोती. म्युरेट ऑफ पोटॅशची पावणेदोन पोती पुरतात. पोतं उचलणाऱ्याच्या खांद्याला हा फरक कळतो. पण सात पोती पाच हजार लिटरपेक्षा कितीतरी सोपी; ती सांगलीहून गोंदियाला जाऊ शकतात, आणि ती जूनपर्यंत गोदामात थांबतात. टँकरच्या हिशेबातल्या दोन्ही अडचणी, अंतर आणि मोसम, राखेने सोडवल्या. किंमतही मोजली: नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराड्यातून गेला. मला स्वतःला हे जाळणं मनातून पटत नाही, पण त्या विहिरीतल्या चहाची आठवण झाली की गप्प बसतो.

आतापर्यंत सगळी चर्चा ऊस, कंद, दूध यांच्या पाण्याची चालली होती. कारखान्यात जे आत जातं ते शेतातून आलेलं असेल तर जे बाहेर पडतं ते शेतात परत जाऊ शकतं, मात्रा सांभाळून. पण ‘प्रक्रिया केलेलं औद्योगिक सांडपाणी’ या एका शब्दप्रयोगात साखर कारखानाही बसतो आणि औषधांचाही, कातडी कमावण्याचाही, धातूला मुलामा देण्याचाही. ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणजे कशावर प्रक्रिया केलेलं? बहुतेक वेळा बीओडीवर. हैदराबादजवळच्या पटांचेरूत सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं पाणी एका सामायिक केंद्रात येत असे. स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे प्रक्रिया झालेलं पाणी तपासलं. २००७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे वाचून लोकांनी आधी दशांश चिन्ह चुकलं असेल असं समजावं इतके ते मोठे होते: सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. हे प्रतिजैविक घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं.

आणि धातूंचं तर वेगळंच. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या सहाव्या परिशिष्टात सांडपाण्याच्या सामान्य मर्यादांचा तक्ता आहे. पाणी नदीत सोडायचं तर बीओडी ३० च्या आत हवी, सिंचनासाठी जमिनीवर सोडायचं तर १०० पर्यंत चालते. हे समजण्यासारखं आहे. जमीन ती पचवते. पण त्याच तक्त्यात कॅडमियमच्या ओळीवर बोट ठेवून सिंचनाच्या रकान्यापर्यंत या. नदीसमोर आकडा आहे, गटारासमोर आहे, समुद्रासमोर आहे. शेतजमिनीसमोर आडवी रेघ.

त्या रेघेचा अर्थ जपानमधल्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीकाठी भात लावणाऱ्यांना विचारावा. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण, मित्सुई कंपनीची. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच. ते नदीत, नदीतून पाटाने खाचरांत. भात उत्तम यायचा. रोपाला कॅडमियमचा काही त्रास नव्हता, त्यामुळे शेतात कसलीच खूण दिसत नव्हती. ते दाण्यात उतरत होतं, दाण्यातून बायकांच्या मूत्रपिंडांत आणि हाडांत. विशेषतः पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, वय झालेल्या बायका. हाडं इतकी ठिसूळ की खोकल्यानेही बरगडी मोडावी. त्या ‘इताई, इताई’ म्हणून कण्हायच्या, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. रोगाचं नावही तेच पडलं. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाने होणारा रोग असल्याचं मान्य केलं. १९७२ मध्ये कंपनीविरुद्धच्या खटल्यात वरच्या न्यायालयातही गावकरी जिंकले.

इथेही चिखलाचाच खेळ. खाचरात पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम सल्फाइड होऊन अडकून बसतं. दाणा भरण्याच्या सुमाराला शेतकरी पाणी काढतो, हवा आत शिरते, सल्फाइड मोडून कॅडमियम सुटतं आणि नेमक्या त्याच वेळी रोप ते दाण्यात चढवतं. म्हणून जपानमध्ये अशा भागांत ओंब्या बाहेर पडण्याआधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी हटू देऊ नका असं सांगतात. पण जमिनीत अर्सेनिक असेल तर बरोबर उलटं: पाणी उभं राहिलं की लोह विरघळतं, लोहाने धरलेलं अर्सेनिक सुटतं आणि भातात जातं. एकासाठी पाणी ठेवावं तर दुसरं वर येतं.

जिन्झूकाठची जमीन नीट करायला १९७९ मध्ये सुरुवात झाली. दूषित माती गाडून किंवा काढून तिच्यावर स्वच्छ मातीचा थर अंथरायचा, एकेक खाचर. आठशेहून अधिक हेक्टर. काम संपलं २०१२ मध्ये. मधल्या काळात त्याच खाणीच्या पोटात भौतिकशास्त्रज्ञांनी न्यूट्रिनो पकडण्यासाठी पाण्याच्या प्रचंड टाक्या बांधल्या आणि तिथल्या कामाला पुढे दोन नोबेल मिळाली. जगातल्या अत्यंत शुद्ध पाण्यांपैकी एक त्या डोंगरात आहे.

खटला जिंकल्यावर गावकऱ्यांनी कंपनीकडून नुसती भरपाई घेतली नाही. १९७२ मध्ये एक करार लिहून घेतला, आणि त्यात कलम घातलं की आम्हाला वाटेल तेव्हा आम्ही आमचे तज्ज्ञ घेऊन कारखान्यात शिरू, पाहिजे तिथे पाहू, नमुने घेऊ, आणि खर्च कंपनी देईल. तेव्हापासून वर्षातून एकदा भाताच्या गावातली माणसं, वकील, प्राध्यापक असे मिळून खाणीवर जातात. ज्यांनी खटला लढवला त्यांची नातवंडं आता त्यात असतात. हेल्मेट घालतात, आणि जिथून पाणी बाहेर पडतं तिथे वाकून बाटली भरतात.